पहिल्या चालीचा हिशेब

रविवारची जेवणं आटोपली, ताटं घासायला पडली, की आमच्या घरी बॅकगॅमनचा पट उघडतो. उघडतो म्हणजे खरोखरच उघडतो. तो पेटीसारखा असतो आणि मधल्या बिजागरीवर दुमडतो. फासे खुळखुळले की आमची सौ. आतून म्हणते, "झालं, धर्मराज बसले!" आणि तेरा वर्षांची नात म्हणते, "आजोबा, काळ्या माझ्या." पणाला लागतं ते एवढंच की हरणाऱ्यानं चार वाजताचा चहा करायचा. तरीही फासे म्हटले की आपल्याकडे घरातली बायकामाणसं आधी द्रौपदीकडे पाहतात, मग तुमच्याकडे. त्यांचंही काही चुकत नाही म्हणा.

हा खेळ मी शिकलो बहरीनमध्ये. बँकेनं मला १९९५ मध्ये तिथं पाठवलं, तीन वर्षांसाठी. मनामाच्या बाजारात मसाल्याची पेढी असलेले एक वृद्ध गृहस्थ आमचे खातेदार होते. बोलणं हिंदुस्तानीत व्हायचं. दिनार येण्यापूर्वी, म्हणजे १९६५ पर्यंत, त्या मुलखात रुपयाच चालत असे. १९५९ पासून तर आपल्याकडून आखातासाठी वेगळ्या नोटाही निघत होत्या. त्यामुळे या हाजीसाहेबांचं उभं तारुण्य रुपये मोजण्यात गेलं होतं आणि रुपयाच्या माणसांबद्दल त्यांना एक जुनी माया होती. मला ते 'मुदीर' म्हणत, म्हणजे मॅनेजर. संध्याकाळी पेढीमागच्या खोलीत बारीक कमरेच्या काचेच्या पेल्यातून चहा येई आणि पट मांडला जाई. तिकडे त्याला 'तावला' म्हणतात.

दानं मात्र ते फारसीत बोलत. यक, दु, से, चहार, पंज, शश. मराठी कानाला ही मोजणी पहिल्याच दिवशी कळते. सहा आणि पाच पडले की ते आनंदानं ओरडत, "शश-बेश!" यातला शश फारसीतला सहा आणि बेश तुर्कीतला पाच; आपले छक्के-पंजेच की! या खेळाचं इराणी नाव नर्द, आणि हिंदीत चौसराच्या सोंगटीला आजही नर्द म्हणतात. पहलवी भाषेतल्या एका जुन्या ग्रंथात अशी कथा आहे की हिंदुस्थानच्या राजानं बुद्धिबळ पाठवून इराणी दरबाराला कोडं घातलं. तिथल्या बुजुर्गमिहिर वजिरानं ते सोडवलं आणि उत्तरादाखल हा खेळ रचून पाठवला. तीस सोंगट्या म्हणजे महिन्याचे तीस दिवस आणि रात्री, असा त्याचा अर्थही लावून दिला. कथा खरी मानायचं कारण नाही. पण बुद्धिबळात नशिबाला जागा नाही, म्हणून वजिरानं ती करून दिली, ही कल्पना मला आवडते.

ज्यांनी पट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चोवीस लांबट त्रिकोण, म्हणजे चोवीस घरं. दोन खेळाडू, प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या, दोन फासे. दोघे उलट्या दिशांनी फिरतात. माझ्या बाजूनं घरं मोजली तर १ ते ६ हे माझं माजघर आणि १९ ते २४ हे प्रतिस्पर्ध्याचं. (ही नावं माझी; इंग्रजी नावांनी मराठी माणसाला काहीच दिसत नाही.) सगळ्या सोंगट्या माजघरात आणायच्या आणि मग पटाबाहेर काढायच्या, ज्याच्या आधी संपतील तो जिंकला. सुरुवातीला माझ्या दोन सोंगट्या थेट शत्रूच्या माजघरात, २४व्या घरात अडकलेल्या असतात. पाच १३व्यात, तीन ८व्यात, पाच ६व्यात. एका घरात दोन किंवा जास्त सोंगट्या असल्या की ते घर पक्कं. दुसऱ्याला तिथं पाय टेकता येत नाही. एकटी सोंगटी सापडली तर ती मारता येते. मेलेली सोंगटी मधल्या बांधावर जाते आणि प्रवास पहिल्यापासून सुरू करते. सारीपाटाची सवय असलेल्यांना यात नवं फारसं काही नाही. पहिल्या दानाला दोघे एकेक फासा टाकतात. ज्याचा मोठा तो दोन्ही फाशांचं दान घेऊन सुरुवात करतो. म्हणजे पहिलं दान जोडीचं कधीच नसतं, आणि सुरुवातीची दानं फक्त पंधराच उरतात.

पंधरा दानं! बँकेच्या परीक्षेत याहून जास्त प्रकारची व्हाउचरं पाठ करावी लागत. मला वाटलं, आठवड्यात हातखंडा होईल. तसा तो झालाही, आणि वर्षभर मी हरत राहिलो.

माझी पद्धत सोपी होती. कुठलीही सोंगटी एकटी सोडायची नाही. ४-१ पडलं की १३ वरची एक सोंगटी उचलून ८ वर, इतरांच्या पंगतीत. ३-२ पडलं तरी तेच. ४-३ किंवा ५-२ पडलं की १३ वरून थेट ६ वर. चाल झाल्यावर पटावर नजर टाकावी तर एकही सोंगटी उघड्यावर नाही. सगळं तारण जागेवर, सगळे कागद फाइलमध्ये. रात्री शांत झोप यावी अशी चाल. हाजीसाहेब माझ्या ६व्या घरातल्या सहा सोंगट्यांच्या चवडीकडे पाहत आणि म्हणत, "मुदीर, सगळा पैसा एका कपाटात ठेवलात, आता धंदा कशानं करणार?" एकदा म्हणाले, "तुम्ही उद्या ऑडिट येणार असल्यासारखे खेळता."

त्यांना माहीत नव्हतं, पण ते अगदी वर्मावर बोलले होते. ऑडिट माझ्याकडे येऊन गेलेलं होतं.

१९८६ ची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी शाखेत कर्जाचं टेबल सांभाळत होतो. १९८२ च्या संपात मुंबईच्या गिरणीतून बाहेर पडलेला एक फिटर गावी परतला होता. त्याला जुना लेथ घ्यायचा होता. आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी आणि इंजिनं दुरुस्तीला जिल्ह्याच्या गावी जात, ती इथंच होतील असा त्याचा हिशेब. चाळीस हजार रुपये हवे होते. नजरगहाण काय, तर तोच लेथ. जामीनदार एक, तोही बेताचा. मी तीनदा जाऊन जागा पाहिली. पंचक्रोशीतल्या मोटारी मोजल्या. त्याचे हात पाहिले. कर्ज मंजूर केलं. दोन वर्षं हप्ते तारखेच्या आधी आले. तिसऱ्या वर्षी एसटी स्टँडसमोर एका ट्रकनं त्याला उडवलं. बाईंनी लेथ विकून होतं ते आणून भरलं. उरलेलं बुडीत गेलं. मग तपासणी झाली. 'अपुऱ्या तारणावर कर्ज का मंजूर केले?' असा मेमो आला. वरिष्ठांनी बाजूला घेऊन समजावलं की वाद घालू नकोस, 'निर्णयात चूक झाली' असं लिहून दे, प्रकरण मिटेल. मी लिहून दिलं. प्रकरण मिटलं, बढती दोन वर्षं लांबली.

बढतीचं दुःख कधीच विरलं. खटकत राहिली ती माझी सही. निर्णयात चूक झालेली नव्हती. तरीही त्यानंतर मी अशीच कर्जं दिली की जी ज्याला नकोच होती त्याला दिल्यासारखी होती. दुप्पट तारण, तीन जामीनदार. माझ्या टेबलावर पुन्हा कर्ज बुडालं नाही. आणि माझ्या टेबलावरून हात हलवत परत गेलेल्या माणसांची यादी कुठल्याच अहवालात नाही. दिलेलं कर्ज बुडालं तर त्याला खातं असतं, आकडा असतो. न दिलेल्याला काहीच नसतं.

१३ वरून ६ वर नेलेल्या सोंगटीचंही तेच. तिनं झालेलं नुकसान त्या चालीत दिसत नाही. ते दहा चालींनंतर उगवतं, आणि तेव्हा आपण फाशांना शिव्या देत असतो.

सुरुवातीला धोका पत्करावा असं जाणकार म्हणतात, त्यामागे साधं गणित आहे. डाव सुरू होताना प्रतिस्पर्ध्याच्या माजघरात एकच घर पक्कं असतं, त्याचं ६वं. माझी सोंगटी मारली गेली, बांधावर गेली, तरी तिला आत यायला अडवणारं ते एकच घर. दोन्ही फाशांवर सहा पडले तरच मी अडकतो, म्हणजे छत्तीसात एकदा. तीन घरं पक्की झाली की छत्तीसात नऊदा, चार झाली की सोळादा, आणि पाच झाली की पंचवीसदा. म्हणजे तीच चूक, तीच एकटी सोंगटी, पण पहिल्या चालीला तिची किंमत चिल्लर असते आणि बाराव्या चालीला ती घरावर नांगर फिरवते. जे धाडस करायचं ते दुकानं उघडायच्या वेळी करायचं. बंद व्हायच्या वेळी नाही. मी नेमकं उलट करत असे. सुरुवातीला सोवळ्यात राहायचो, आणि मग चवड झालेल्या सोंगट्यांना जागाच न उरल्यामुळे ऐन भरात एकटीला बाहेर पाठवायचो.

धोका कशासाठी पत्करायचा, हे त्यातलं दुसरं. सहा लागोपाठची घरं पक्की झाली तर पलीकडच्याला कुठल्याही दानानं ती ओलांडता येत नाहीत, ती भिंत. आपल्याकडे ८ आणि ६ ही घरं आधीच पक्की आहेत. म्हणजे भिंतीच्या विटा कुठं हव्यात हे ठरलेलंच आहे: ७, ५, ४. यातलं ५वं घर सगळ्यात मोलाचं. इंग्रजीत त्याला 'गोल्डन पॉइंट' म्हणतात. म्हणून ३-१ हे सुरुवातीचं सर्वांत चांगलं दान: ८ वरची एक आणि ६ वरची एक, दोघी ५ वर. ६-६ ची स्वप्नं पाहणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागतो की तीन अधिक एक हे मोठं दान आहे. ४-२ ला तसंच ४थं घर बांधायचं, ६-१ ला ७वं, ५-३ ला ३रं. आणि शश-बेशला, म्हणजे ६-५ ला, २४ वरची एक सोंगटी उचलून सरळ १३ वर, आपल्या माणसांत. या पळण्याला इंग्रजीत 'लव्हर्स लीप' असं नाव आहे. हाजीसाहेब त्याला नुसतं "भागो" म्हणत.

ही पाच दानं झाली. यांत विचार करायला काही नाही, आणि एवढी शिकून लोक थांबतात. खेळ उरलेल्या दहांत आहे. तिथं दान तुम्हाला काहीच बांधून देत नाही. पुढच्या दानासाठी तयारी तेवढी करता येते. तयारी म्हणजे सोंगट्या उघड्यावर आणणं. १३ वरची एक ९, १० किंवा ११ वर आणून ठेवायची, म्हणजे पुढच्या दानाला ती कुणाबरोबर तरी जोडीनं घर बांधेल. हे दिसायला फार धाडसाचं, पण गणित केलं तर धाडस कसलं? शत्रूच्या दोन सोंगट्या माझ्या १ल्या घरात बसलेल्या असतात आणि त्याच काय त्या तिला मारू शकतात. ९ वरची सोंगटी छत्तीसपैकी सहा दानांनी मरते, १० वरची पाच, आणि ११ वरची तर दोनच, ६-४ आणि ४-६. बँकेच्या भाषेत हे उत्तम खातं. मी वर्षभर याला नाकारत होतो.

दुसरी तयारी मागच्या दोघींची. २४ वरच्या सोंगटीला एक-दोन पावलं पुढं सरकवायचं, शक्यतो शत्रूच्या ५व्या घरात, माझ्या मोजणीनं २० वर, ठाणं बसवायचं. ४-३ ला २४ वरून २० आणि १३ वरून १० ही चांगली चाल. ३-२ ला २४ वरून २१, १३ वरून ११. पहिल्या वेळी पाहणाऱ्याला वाटतं, हा वेडा झाला. ठेवल्या त्या सगळ्या एकट्या. पण २० वरची सोंगटी मेली तर माझं काय जातं? पाच घरांची चाल. ती अजून घरातून निघालीच नव्हती. तिच्यावर एकामागून एक धाडी पडून डाव हातचा जाऊ शकतो, नाही असं नाही. पण शत्रूनं मारायला जी सोंगटी पुढं आणली तीही पुष्कळदा एकटीच असते, आणि बांधावरून येताना तिलाच मारायची संधी मिळते. तेव्हा तिची जी वीस घरं जातात ती खरी.

वीस घरं जाण्याचा हा मुद्दा एका जुन्या वादाशी येऊन भिडतो. २-१, ४-१, ५-१ या दानांतल्या एक्क्याचं करायचं काय? १९७० च्या दशकात अमेरिकेत या खेळाची लाट आली. गणित शिकवणाऱ्या पॉल मॅग्रील यांचं १९७६ चं पुस्तक अजूनही पहिलं पुस्तक म्हणून हाती देतात. त्या काळच्या जाणकारांचं मत असं की एक्क्यानं ६ वरची सोंगटी ५ वर एकटीच ठेवून द्यावी. वाचली तर पुढच्या दानाला ते सोन्याचं घर पक्कं. हिशेब करून पाहा. शत्रूच्या १ल्या घरातल्या सोंगटीपासून ती चार पावलांवर. एका तरी फाशावर चार येण्याची दानं अकरा, ३-१ ची दोन, शिवाय १-१ आणि २-२, एकूण पंधरा. म्हणजे एकवीस वेळा वाचते, पंधरा वेळा मरते, आणि मेली तर वीस घरं जातात. वीस वर्षं हे शहाणपण चाललं.

मग १९९२ च्या सुमारास आयबीएमच्या संशोधन केंद्रात जेराल्ड टेसॉरो या शास्त्रज्ञानं एक प्रोग्रॅम तयार केला. त्याला त्यानं एकही सुरुवातीची चाल शिकवली नाही. नियम सांगितले, आणि स्वतःशीच खेळायला बसवलं. आधी तो वेड्यासारखा खेळला. हरता-जिंकता शिकत गेला. एका पुढच्या आवृत्तीनं असे सुमारे पंधरा लाख डाव खेळल्यावर बिल रॉबर्टी या दोनदा विश्वविजेता झालेल्या खेळाडूशी त्याचे चाळीस डाव झाले, आणि सगळे मिळून तो अवघ्या एका गुणानं हरला. या यंत्रानं एक्का वेगळा खेळला. ५ वर सोंगटी उघडी टाकण्याऐवजी त्यानं मागच्या दोघींपैकी एकीला २४ वरून २३ वर सरकवलं. मेली तर दोन घरं जातात. जाणकार आधी हसले, मग त्यांनी तपासून पाहिलं, मग स्पर्धांतून तसंच खेळू लागले. आज ४-१ आणि ५-१ ला २३ वर सरकणंच बरं हे कुणी नाकारत नाही. २-१ मात्र अजून तोलावर आहे. दोन्ही चाली जवळजवळ सारख्याच पडतात.

याच यंत्रांनी माझी एक जुनी बाकी वसूल करून दिली. ६-४ पडल्यावर मी एकदा ८ वरची आणि ६ वरची सोंगटी घेऊन २रं घर बांधलं होतं. हाजीसाहेबांनी कपाळाला हात लावला. इतक्या खोल, इतक्या लवकर घर बांधणं म्हणजे स्वयंपाकघर सोडून न्हाणीघराला फरशी घालणं, अशा अर्थाचं काही ते बोलले. त्या वेळची पुस्तकंही तसंच सांगत. नवशिक्याची चाल म्हणत. आताचे प्रोग्रॅम म्हणतात की ६-४ च्या तीन चाली, एक सोंगटी २४ वरून १४ पर्यंत पळवणं, २४ वरून १८ आणि १३ वरून ९, किंवा ते २रं घर बांधणं, यांत निवडायला फरक जवळजवळ नाहीच. हे कळलं त्या दिवशी मला त्यांची फार आठवण झाली. सांगणार कुणाला? मी परतलो तेव्हाच ते सत्तरीच्या पुढे होते.

नव्यानं शिकणारे मला विचारतात, पंधरा दानांचा तक्ता पाठ करू का? करा, एका संध्याकाळीत होतो. पण तक्ता दुसऱ्या चालीला संपतो, कारण पलीकडच्यानं काय केलं यावर सगळं फिरतं. त्यानं मागच्या दोघी फोडल्या असतील तर माझ्या ओसरीत एकटी सोंगटी आणून ठेवणं महाग पडतं. आता दोन ठिकाणांहून नेम धरला जातो. त्यानं स्वतःचं ५वं घर बांधलं असेल तर माझ्या मागच्या दोघींनी आळस करून चालत नाही. दार बंद व्हायला लागलं आहे. आणि त्यानं कुठं एकटी उघडी टाकली असेल आणि ती मारता येत असेल, तर शंभरात नव्वद वेळा बाकी सगळं सोडून ती मारावी. मी स्वतः सुधारलो तो एका सवयीनं. डाव संपल्यावर फक्त पहिल्या तीन चाली वहीत लिहायच्या आणि प्रोग्रॅमला विचारायच्या. फुकट मिळणारा ग्नू बॅकगॅमनही पुरतो. पूर्ण डाव तपासायला बसलो तर डोकं भणभणतं आणि शिकायला काही मिळत नाही. तीन चालींतली चूक मात्र आठवडाभर लक्षात राहते.

हे प्रोग्रॅम डाव तपासून दोन वेगळे रकाने देतात. एकात तुमच्या चुका, दुसऱ्यात तुमचं नशीब. प्रत्येक दानाचं आधी मोल काढतात, ते सरासरीहून बरं पडलं की वाईट हे सांगतात, आणि त्याचा चुकांशी संबंध लावत नाहीत. २०१९ मध्ये निवृत्त झाल्यावर मी पहिल्यांदा ते पान पाहिलं तेव्हा बराच वेळ बघत बसलो. हरलेल्या डावात चुकांच्या रकान्यात शून्य असू शकतं. जिंकलेल्यात ढीगभर चुका असू शकतात. १९७९ मध्ये माँटे कार्लोला हान्स बर्लिनर या प्राध्यापकांच्या संगणकानं त्या वेळचा विश्वविजेता लुइगी व्हिला याला ७-१ असं हरवलं होतं. जगभर डंका झाला. बर्लिनर यांनी मागाहून स्वतःच डाव तपासले आणि लिहून टाकलं की चांगला खेळला तो व्हिला. फाशांनी आपल्या यंत्राला हात दिला. जिंकल्यावर असं लिहिणारा माणूस मला आमच्या तपासणी खात्यात हवा होता.

आमच्या मेमोला एकच रकाना होता. कर्ज बुडालं, म्हणून निर्णय चुकला. ट्रकसाठी रकाना नव्हता. आणि तो रकाना मी स्वतःही मागितला नाही.

परवाच्या रविवारी नातीचं दान आधी आलं, ४-३. तिनं जराही न थांबता एक सोंगटी २० वर नेली, एक १० वर. मला ३-१ पडलं. तिची २० वरची म्हणजे माझ्या ५व्या घरातली. मी दोन सोंगट्या तिच्या डोक्यावर आणून बसवल्या. मेली, आणि माझं सोन्याचं घरही झालं. आता माझी ५ आणि ६ ही दोन घरं बंद, म्हणजे आत न येण्याची तिची दानं छत्तीसात चार. तिनं फासे टाकले. शश-बेश. त्या चारांतलंच एक. मी "भागो" म्हणालो तर तिला भयंकर राग आला. डाव मीच जिंकला.

"मी १३ वरून ६ वर आणायला हवी होती का?" तिनं विचारलं. आवाज जरा बसलेला होता. आतून तिच्या आजीनं मत दिलं की जे केल्यानं हरलीस ते पुन्हा करू नये. मी काही न बोलता संगणक लावला. पहिल्या चालीसमोर शून्य चूक. नशिबाच्या रकान्यात मोठा उणे आकडा. तिनं दोन्ही रकाने वाचले, मान हलवली, आणि स्वयंपाकघरात जाऊन मुकाट चहाचं आधण ठेवलं, कारण हरली ती तीच होती.

चहा येईपर्यंत मी पुन्हा पट मांडला. तिनं कप ठेवले, एक फासा तिनं टाकला, एक मी. तिचा एक, माझा दोन. २-१. मी ५ वर सोंगटी उघडी टाकावी की मागची २३ वर सरकवावी, या विचारात तिच्यावर बोट ठेवून बसलो होतो.

"आजोबा," ती म्हणाली, "चहा गार होतोय."